नकाशावर आपला पत्ता कसा लिहायचा?



आज बोलायचं आहे ते पत्त्याबद्दल. विषय साधा वाटतो. पण घरातले तीन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहा: आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक. पुष्कळ घरांत या तिन्हींवरचा पत्ता वेगळा निघतो. एकावर 'मु. पो.' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर नुसतं गावाचं नाव. एकावर जिल्हा 'बुलडाणा', दुसऱ्यावर 'बुलढाणा'. घर एकच, चूल एकच आणि पत्ते तीन.

आजवर यावाचून फार अडलं नाही. गावातला पोस्टमन ओळखीचा. पाकिटावर नुसतं नाव असलं तरी तो बरोबर दारात यायचा. पाहुणे यायचे ते एसटीतून उतरून पारावर विचारायचे. "मारुतीच्या देवळाजवळ या अन् कोणालेही विचारा," एवढ्यावर आपलं भागायचं.

आता पत्ता विचारणारा माणूस बदलला आहे. १०८ ला फोन लावला की तो पुण्यातल्या कक्षात उचलला जातो. तिथं बसलेल्या माणसाला "मारुतीच्या देवळाजवळ" सांगून काय कळणार? महाराष्ट्रात बहुतेक गावांत मारुतीचं देऊळ असतंच. गटाच्या पापड-मसाल्याची ऑर्डर घेणारी बाई नाशिकला असते, पार्सल उचलायला येणारा पोरगा मलकापूरचा असतो. या सगळ्यांच्या हातात फोन असतो आणि फोनमध्ये नकाशा. त्या नकाशावर आपलं गाव, आपली वस्ती, आपलं दार कोणत्या नावानं लिहिलं आहे, यावर आता बरंच काही ठरतं.

म्हणून आज आपण हे समजून घेऊ: नकाशावर पत्ता लिहितं कोण, लिहिताना गोंधळ का होतो, आणि तो सोडवायला आपला गट काय करू शकतो.

नकाशा कोण लिहितं?

फोनमधले नकाशे दोन तऱ्हेचे असतात. काही कंपन्यांचे असतात, उदाहरणार्थ गूगलचा. त्यात आपण दुरुस्ती सुचवू शकतो, पण ती घ्यायची की नाही हे कंपनी ठरवते. दुसरा नकाशा लोकांनी मिळून केलेला आहे. त्याचं नाव ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणानं तो सुरू केला. खातं उघडलं की जगातली कोणतीही व्यक्ती त्यात रस्ता, विहीर, शाळा, घर यांची नोंद करू शकते आणि तो नकाशा कोणीही फुकट वापरू शकतं. प्रत्येक बदल कोणत्या खात्यावरून आणि केव्हा झाला, याची नोंद राहते.

अडचणीच्या वेळी या नकाशाचा मोठा उपयोग होतो. २०१५ साली नेपाळमध्ये भूकंप झाला, २०१८ साली केरळात महापूर आला. दोन्ही वेळा देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहाची छायाचित्रं पाहिली आणि रस्ते, घरं या नकाशावर काढली. मदत पोचवणाऱ्यांना त्यांचा आधार झाला. पण वरून काढलेल्या चित्रात छप्पर दिसतं, त्या छपराखालचा पत्ता दिसत नाही. घराचं गाव, वस्तीचं नाव, दारावरचा क्रमांक हे जागेवरचा माणूसच सांगू शकतो. म्हणजे आपण.

रकाने आणि त्यांचा घोळ

या नकाशावर पत्ता लिहिण्याची रीत समजायला आपल्या गटाचं रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. रजिस्टरात रकाने असतात: बचत, कर्ज, व्याज, दंड. एखाद्या महिन्यात हिशोब लिहिणाऱ्या ताईनं बचतीचे शंभर रुपये दंडाच्या रकान्यात लिहिले, तर काय होईल? पैसे पेटीत आहेत. सगळ्या जणींना माहीत आहे. पण वर्षाच्या शेवटी रजिस्टर पाहणाऱ्याला बचत कमी दिसेल आणि दंड जास्त. आकडा खरा असूनही हिशोब खोटा ठरेल.

नकाशाचंही असंच आहे. प्रत्येक घराच्या नोंदीला पत्त्याचे रकाने असतात: घरक्रमांक, घराचं नाव, रस्ता, ठिकाण, शहर, पिनकोड, शिवाय तालुका, जिल्हा, राज्य. या रकान्यांना 'टॅग' म्हणतात. नकाशा शोधणारा संगणक रकाना पाहून शोधतो. माणसासारखा अंदाज त्याला नीट बांधता येत नाही. माहिती खरी असून चुकीच्या रकान्यात गेली, किंवा दोघींनी एकच गोष्ट दोन रकान्यांत लिहिली, की घर हरवतं.

हे रकाने आले कुठून? २००८ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूह नावाच्या शहरात या नकाशाचे काही कार्यकर्ते जमले होते. त्यांनी पत्ता लिहिण्याची जी पद्धत ठरवली, तीच पुढं जगभर पसरली. त्यांच्या शहरांत प्रत्येक रस्त्याला नाव असतं आणि रस्त्याच्या कडेनं घरांना ओळीनं क्रमांक असतात. रस्ता आणि क्रमांक सांगितला की घर सापडलं.

आपल्या गावात रस्त्याला नाव कुठं असतं? आपण दिशा सांगतो, ओळख सांगतो. "वरल्या आळीत," "टाकीजवळ," "अंगणवाडीच्या मागं." यात मागासलेपणा काही नाही. जपानमध्येही बहुतेक ठिकाणी पत्ता रस्त्यावरून सांगत नाहीत, घरांच्या चौकोनी गटावरून सांगतात. ऑस्ट्रियाच्या राज्यात १७७० साली राणी मारिया थेरेसानं सैन्यभरतीसाठी घरांना क्रमांक घालायला लावले, ते रस्त्यावार नव्हते, गावाप्रमाणे होते. अशा गावांसाठी नकाशात पुढं 'ठिकाण' नावाचा वेगळा रकाना आला: रस्ता नाही, क्रमांक गावाचा किंवा वस्तीचा, तर ठिकाण लिहा.

म्हणजे आपल्यासाठी सोय आहे. पण ती पुष्कळांना ठाऊक नसते. मग एक जण वस्तीचं नाव रस्त्याच्या रकान्यात लिहितो, दुसरा घराच्या नावात, तिसरा सगळा पत्ता एकाच ओळीत कोंबून देतो. वस्तीसाठी सुद्धा वाडी, उपनगर, मोहल्ला असे तीन-चार रकाने आहेत. त्यातला कोणता घ्यायचा यावर सगळ्यांचं एकमत नाही. संगणक रस्त्याच्या रकान्यात नाव पाहून शेजारी त्याच नावाचा रस्ता शोधतो. तसा रस्ताच नसला की घराचा मेळ बसत नाही.

आपल्याकडच्या पाच गाठी

आता आपल्या तालुक्यापुरतं पाहू. आम्ही गटांच्या बैठकीत एक खेळ घेतो. प्रत्येकीनं स्वतःच्या घराचा पत्ता चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या एकत्र करायच्या आणि दुसऱ्या गावच्या बाईनं वाचून घर कुठं ते सांगायचं. हसून पुरेवाट होते. पण हसता हसता पाच गाठी दिसतात.

पहिली गाठ 'मु. पो.' ची. मु. म्हणजे मुक्काम, राहण्याचं गाव. पो. म्हणजे पोस्ट, टपाल जिथून वाटलं जातं ते गाव. गावात पोस्ट असलं तर दोन्ही एकच, म्हणून 'मु. पो.' जोडून लिहितात. गावात पोस्ट नसलं तर मुक्काम एक आणि पोस्ट दुसरं. आता नकाशाच्या 'शहर' या रकान्यात काय लिहायचं? एकीनं स्वतःचं गाव लिहिलं, दुसरीनं पोस्टाचं गाव, तिसरीनं मोताळा, चौथीनं बुलढाणा. चौघी शेजारणी असून नकाशाला त्या चार गावच्या वाटतात.

दुसरी गाठ क्रमांकाची. आपल्या चौकटीकडे नीट पाहा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदवहीत घराला मालमत्ता क्रमांक असतो, त्यावर घरपट्टी येते. जनगणनेला आलेले गुरुजी वेगळा आकडा लिहून जातात. पोलिओच्या डोसाला आलेल्या ताई खडूनं आपली खूण करतात. वीजबिलावर ग्राहक क्रमांक असतो. मतदार यादीत आणखी निराळा. एका दाराला पाच आकडे! यातला घरक्रमांक कोणता? जी बाई जो आकडा पाहील तो ती लिहील.

तिसरी गाठ खुणेची. "मारुतीच्या देवळासमोर" हे पुष्कळ जण रस्त्याच्या रकान्यात लिहितात. देऊळ हा रस्ता नाही. देऊळ ही स्वतःच एक जागा आहे आणि नकाशावर तिची नोंद स्वतंत्र व्हायला हवी. तशी ती झाली की "देवळासमोर" हे नकाशात आपोआप दिसतं. मग प्रत्येक घराच्या पत्त्यात ते लिहावं लागत नाही.

चौथी गाठ सारख्या नावांची. आपल्या मोताळा तालुक्यात पिंपळगाव देवी आहे. खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा, जळगाव जामोद तालुक्यात पिंपळगाव काळे आणि बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराई. हे झाले एकाच जिल्ह्यातले. आपलं धामणगाव बढे, तर अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे. आपण बोलताना नुसतं "धामणगाव" म्हणतो, कारण ऐकणारा आपल्यातलाच असतो. नकाशाला मात्र 'बढे' सांगितल्याशिवाय समजत नाही. मलकापूरही एक आपलं आणि एक कराडजवळचं. गावाच्या नावातला तो दुसरा शब्द शोभेचा नाही. आपल्या आधीच्या लोकांनी घोळ होऊ नये म्हणूनच तो जोडला.

पाचवी गाठ अक्षरांची. आपल्या जिल्ह्याचं नाव मराठीत दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, 'ड' नं आणि 'ढ' नं. इंग्रजीतही तसंच. २०११ च्या जनगणनेत एक स्पेलिंग आहे, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर दुसरं. मोताळ्यातला 'ळ' तर इंग्रजीत नाहीच. इंग्रजीतलं नाव वाचून फोन त्याला 'मोटाला' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला हे आपलंच गाव आहे असं वाटत नाही. नकाशात मुख्य नावाशिवाय मराठी नावाचा वेगळा रकाना असतो. दुसरं रूढ नाव आणि जुनं नाव यांनाही रकाने आहेत. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. अशा वेळी जुनं नाव त्या रकान्यात राहिलं की जुन्या नावानं शोधणारालाही ठिकाण सापडतं. आपल्या गावाचं मराठी नाव त्याच्या रकान्यात आहे का, हे पाहणं आपल्या हातात आहे.

वस्तीचं नाव कोणी ठरवायचं?

या पाच गाठी सुटण्यासारख्या आहेत. पण एक गोष्ट त्याहून जास्त महत्त्वाची आहे.

नकाशावर गाव असतं, गावठाणातली घरंही हळूहळू येतात. राहून जाते ती गावाबाहेरची वस्ती. नाल्यापलीकडची दहा घरं, शेतात राहणारी कुटुंबं, गायरानाच्या कडेची घरं. कोणाच्या कागदावर तिचं नाव नाही, किंवा नाव आहे ते जातीवरून पडलेलं. ते नाव तिथल्या बायांना कोणी विचारून दिलेलं नसतं. पोराला शाळेत पत्ता सांगताना मान खाली घालावी लागते, असं नाव.

डिसेंबर २०२० मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्या जागी समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली. पण कागदावर नाव बदललं म्हणून नकाशावर बदलत नाही. लांब बसलेला एखादा स्वयंसेवक जुन्या यादीतून जुनंच नाव उचलून नकाशावर लिहू शकतो. एकदा तिथं बसलं की ते दुसऱ्या नकाशात जातं, पार्सलच्या अॅपमध्ये जातं, आणि सरकारनं पुसलेलं नाव फोनमधून परत आपल्या दारात येतं.

म्हणून वस्तीचं नाव लिहिण्याआधी त्या वस्तीतल्या बायांना विचारायचं. नवं नाव ठरलं नसेल तर ग्रामसभेत विषय मांडायचा आणि ठराव करून घ्यायचा. जुनं जातिवाचक नाव नकाशाच्या 'जुनं नाव' या रकान्यातही घालायचं नाही. वस्तीच निनावी राहिली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. रात्री कोणाला कळा सुरू झाल्या की आशाताई किंवा घरातला पोरगा टॉर्च घेऊन फाट्यावर जाऊन उभा राहतो. गाडीला घर सापडायचं ते त्या टॉर्चनं. पाऊस असेल, पोरगा घरी नसेल, तर गाडी गावठाणात फिरत राहते आणि वस्तीतली बाई वाट पाहते. अशा वेळी गेलेली वीस मिनिटं बाळंतिणीला जड जातात.

पिन आहे, डिजिपिन आहे, मग पत्ता कशाला?

काही जणी म्हणतील, पिनकोड आहे की! पिनकोड ही मोठी सोय आहे आणि ती केली एका मराठी माणसानं. कोकणातले श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन सुरू झाला. तेव्हाही अडचण हीच होती: सारख्या नावांची गावं, निरनिराळ्या भाषा, निरनिराळी लिपी. सहा आकड्यांनी ती सोडवली. मोताळ्याचा पिन ४४३१०३. पहिला ४ आपल्या पश्चिमेकडच्या विभागाचा, पहिले तीन आकडे मिळून टपाल छाटणीचा भाग आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे.

पण पिन पोस्टासाठी आहे, घरासाठी नाही. एका पिनमध्ये अनेक गावं असतात. शिवाय तो जिल्ह्याच्या सीमेवर चालत नाही. आपल्याच जिल्ह्यात मलकापूर ४४३१०१, तर खामगाव ४४४३०३ आणि शेगाव ४४४२०३. म्हणून पिनवरून तालुका-जिल्हा ओळखायला जाऊ नये, आणि दोन गावांचा पिन सारखा दिसला म्हणून एकाला चूक ठरवू नये.

मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. साऱ्या देशाचे साधारण चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद असे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षरांचा क्रमांक दिला. आपल्या अंगणाचाही डिजिपिन आहे, फोनवर तो काढता येतो. शेतातल्या घराला, विहिरीला, ज्याला कसलाच पत्ता नाही अशा जागेला हा फार कामाचा. यात माणसाचं नाव नसतं, फक्त जागा असते.

तरी डिजिपिनमुळे पत्ता संपत नाही. घाबरलेल्या सासूला रात्री दोन वाजता दहा अक्षरं फोनवर सांगता येतील का? ती "समता नगर, पाण्याच्या टाकीजवळ" असंच सांगणार. त्या बोलण्यातलं नाव नकाशावर तसंच्या तसं असलं पाहिजे. कोड यंत्रासाठी चांगला, नाव माणसासाठी. आपल्याला दोन्ही हवेत.

आपल्या गटानं काय करायचं?

आमचं सांगणं एवढंच आहे: नकाशावर लिहिण्याआधी कागदावर एकमत करा. नकाशा सगळ्यांना लिहिता येतो ही त्याची ताकद, आणि प्रत्येकानं आपापल्या मनानं लिहिलं तर तेच त्याचं दुखणं. चार गावांत चार पद्धती झाल्या तर एकही पद्धत नसल्यासारखंच. बचतीचं रजिस्टर आपण एका पद्धतीनं लिहितो म्हणून बँक आपल्यावर विश्वास ठेवते. पत्त्याचंही तसंच करू. ग्रामसंघाच्या बैठकीत हे ठराव घ्या:

१. गावाचं पूर्ण नाव. 'धामणगाव' नाही, 'धामणगाव बढे'. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावरून घ्या आणि सगळीकडे तेच वापरा.

२. गाव 'ठिकाण' किंवा 'शहर' यांपैकी कोणत्या रकान्यात लिहायचं ते एकदा ठरवा. आमच्या मते आपल्यासाठी सोपं असं: वस्तीचं नाव 'ठिकाण' मध्ये, राहत्या गावाचं नाव 'शहर' मध्ये. पोस्टाचं गाव वेगळं असेल तर ते पिनकोडावरून कळतं. खऱ्या नावाचा रस्ता असेल तरच रस्त्याचा रकाना भरा. मोताळ्यात नगरपंचायत आहे. तिथं वॉर्डातल्या रस्त्याला पाटी असेल तर पाटीवरचं नाव घ्या.

३. घरक्रमांक एकच, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतला, आणि तोही दारावर लिहिलेला असेल तरच. फेरआकारणीत क्रमांक बदलला तर नकाशावरही बदला. जनगणनेचा, वीजमीटरचा, मतदार यादीचा आकडा तिथं घालू नका.

४. खुणेच्या जागा आधी. अंगणवाडी, शाळा, उपकेंद्र, पाण्याची टाकी, हातपंप, देऊळ, मशीद, विहार, एसटी थांबा, वस्तीकडे वळणारा फाटा. या दहा-वीस जागा नकाशावर बरोबर आल्या तर निम्मं काम झालं. घरं नंतर आली तरी चालतील.

५. तालुका आणि जिल्हा प्रत्येक घरावर पुन्हा पुन्हा लिहायची गरज नाही. नकाशावर सीमा असल्या की घर कोणत्या तालुक्यात आहे ते संगणकाला कळतं. जितक्या वेळा लिहू तितक्या वेळा चुकण्याची संधी. लिहायचंच असेल तर एकाच अक्षरात.

६. बाईचं नाव, घरमालकाचं नाव, फोन नंबर, कोण एकटी राहते, कोणाचा नवरा बाहेरगावी असतो, यातलं काहीही उघड्या नकाशावर घालायचं नाही. तो नकाशा सारं जग पाहतं. घराची जागा आणि क्रमांक पुरे. कोणी आपल्या घराची नोंद नको म्हणाली तर ती करू नये.

७. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून पाहून उतरवायचं नाही. तो त्यांचा माल आहे, आणि त्यातल्या चुकाही आपल्या अंगावर येतात. आपण पायी फिरून डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. इथं आपण लिहिलं म्हणून गूगलचा नकाशा आपोआप बदलत नाही. तिथं दुरुस्ती वेगळी सुचवावी लागते. पण आपला कागद पक्का असला तर दोन्हीकडे एकच मजकूर जातो.

फोनवर काम करायला प्रत्येकीला यावंच असं नाही. गटातली एक शिकलेली सून, कॉलेजला जाणारी एखादी मुलगी, ग्रामपंचायतीतला संगणक चालवणारा दादा, कोणीही ते करेल. आपलं काम त्याच्या आधीचं आहे: वस्तीत फिरायचं, विचारायचं, ठरवायचं आणि कागदावर लिहायचं. कोणती वाट पावसाळ्यात बंद होते, गाडी कुठवर येते, नाल्यावरून बाजलं उचलून कुठं आणावं लागतं, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? ही माहिती उपग्रहाकडे नाही.

आणि एक काम तर आजच करता येण्यासारखं आहे. त्याला नकाशाही लागत नाही. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत सहा ओळी लिहा: वस्ती आणि खुणेची जागा, गावाचं पूर्ण नाव, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा, पिनकोड, घराचा डिजिपिन. मुख्य रस्त्यावरून कोणत्या फाट्याला वळायचं तेही खाली लिहा. हा पुठ्ठा दाराच्या आतल्या बाजूला टांगा. म्हातारी सासू असो की आठवीतली पोर, १०८ ला फोन लावताना तिनं तो वाचून दाखवायचा. घाईत आठवावं लागणार नाही. घरात गरोदर बाई असेल तर तिच्या माता-बाल संरक्षण कार्डातही ही चिठ्ठी ठेवा.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की अर्धा तास या कामाला द्या. एक मोठा कागद अंथरा, मध्ये पार काढा, तिथून सुरुवात करा. गावठाण लवकर भरेल. मग एकच प्रश्न विचारा: या कागदावर कोणाचं घर अजून आलं नाही? जिचं राहिलं असेल तिच्या वस्तीपासून आपल्या नकाशाचं काम सुरू करा.